घासेल त्याचा टब

टबाविषयी मराठीत अजून पुरेसं वाईट लिहिलं गेलेलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. सासू, सरकार, पाहुणे, घरमालक आणि शेजाऱ्याचा रेडिओ या सर्वांवर आमच्या विनोदी लेखकांनी यथेच्छ हात धुऊन घेतले. पण ज्यात नुसते हातच काय, सर्वांग धुऊन घेता येतं, त्या टबाकडे कोणी वळलं नाही. कारण उघड आहे. लिहिणाऱ्यांच्या घरी टब नव्हते आणि ज्यांच्या घरी टब होते त्यांना लिहून पोट भरण्याची गरज नव्हती. माझ्या पत्रिकेत मात्र दोन्ही ग्रह एका घरात आले आहेत. मला लिहायची खोड आहे आणि घरात टब आहे.

टब म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमा येतो. फेसाचा डोंगर, त्यातून डोकावणारा नायिकेचा चेहरा, एक पाय हवेत आणि मागे सतारीचे तुकडे. असे सिनेमे मी पुष्कळ पाहिले. पण फेस विरल्यावर काय होतं, हे एकाही दिग्दर्शकाने मला दाखवलेलं नाही. नायिका उठून गेली की कॅमेरा तिच्या मागोमाग जातो. टब तिथेच राहतो. त्याच्या आतल्या अंगाला, जिथवर पाणी होतं तिथवर, करड्या रंगाची एक चिकट रेघ राहते. भोकाच्या जाळीवर केसांचं पुंजकं राहतं. तळाशी साबणाचा साका राहतो. वाचकहो, प्रस्तुत लेखाचा विषय ती रेघ आहे. आणि ती घासतं कोण, हा आहे.

आधी आमच्या टबाची ओळख करून देतो. तो आम्ही आणलेला नाही, तो आम्हाला भेटला. हा फ्लॅट आम्ही जुना घेतला. मूळ मालक काही वर्षं परदेशात राहून आलेले. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात, यांनी सवय आणली आणि आठ बाय पाचच्या बाथरूममध्ये पाच फूट लांब, अडीच फूट रुंद असा बिडाचा टब बसवला. वर पांढरंशुभ्र इनॅमल. उरलेल्या जागेत माणसाने उभं राहायचं की बादलीने, एवढाच प्रश्न शिल्लक होता. आम्ही गवंड्याला बोलावलं. तो टबाभोवती (जेवढं फिरता येतं तेवढं) फिरला आणि म्हणाला, "काढायचा तर दार, चौकट आणि अर्धी भिंत काढावी लागंल." त्याने खर्चाचा आकडा सांगितला आणि त्या क्षणी आम्हाला टब आवडू लागला.

सौ.ने मात्र गृहप्रवेशाच्याच दिवशी, नारळ फुटण्याआधी जाहीर केलं, "हे जे काही आहे ते माझ्या कामांत धरायचं नाही. मावशींच्याही नाही. ज्याला यात डुंबायचं असेल त्याने बाहेर येताना तो होता तसा करून बाहेर यायचं." घटना समितीला आपली घटना लिहायला जवळजवळ तीन वर्षं लागली. आमच्या टबाची घटना दीड मिनिटात तयार झाली आणि तिच्यात आजतागायत एकही दुरुस्ती झालेली नाही.

आता थोडा हिशेब. टब सोयीपुरता भरायचा म्हटला तरी २०० लिटर पाणी लागतं. पंधरा लिटरच्या तेरा-चौदा बादल्या झाल्या. सांडपाण्याची गटारव्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, असा आपल्याकडे पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड आहे. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, कपडे, संडास, आंघोळ सगळं आलं. म्हणजे टबात पाय पसरून गुणगुणणारा माणूस स्वतःच्या दीड दिवसाच्या पाण्यावर बसलेला असतो. ज्या सोसायटीत मे महिन्यात टँकरवाल्याला 'दादा, पुता' करावं लागतं, तिथे हा पराक्रमच म्हणायचा. आणि टब घासायला आणखी दोन बादल्या लागतात त्या वेगळ्याच.

आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब असे आणि त्याच्या शेजारी घंगाळ. बंबात ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते जाई. कढत पाणी घंगाळात काढायचं, त्यात विसण घालायचं आणि तांब्याने अंगावर घ्यायचं. माणूस घंगाळात बसत नसे, घंगाळाशेजारी पाटावर बसे. अंगावरून गेलेलं पाणी पुन्हा अंगाला लागत नसे. ते मोरीतून थेट परसातल्या अळवाला जाई. जपानी लोक लाकडी टबात बसतात, पण तेही आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतात आणि मग आत उतरतात. तेच पाणी घरातल्या सगळ्यांना चालतं. आपलाच मळ आपल्याच भोवती तरंगत ठेवून त्याला 'रिलॅक्स होणं' म्हणणारे आपण त्यांच्यापुढे जरा कच्चेच.

हे वाचून काही वाचक मान डोलावतील. "बघा! आपल्या वाडवडिलांना सगळं ठाऊक होतं!" थांबा. जरा त्या घंगाळापाशी या. ते आरशासारखं लखलखत असे, कारण त्याला चिंच आणि राख लावून कोणीतरी घासत असे. ते कोणीतरी आजोबा नव्हते. आजोबा घासलेल्या घंगाळात बघून मिशी सारखी करत. घासणारी आजी होती, मग आई होती. आईची बोटं हिवाळ्यात चिंचेने चिरत. तेव्हा वाडवडिलांचा जयजयकार करायचा तर खुशाल करू, पण वाड-आज्यांना विचारून करू.

जगाच्या इतिहासातही हाच घोटाळा आहे. आर्किमिडीज आंघोळीसाठी टबात उतरला, पाणी वर चढलेलं पाहिलं आणि 'युरेका, युरेका' ओरडत नेसूचंही भान न ठेवता घराकडे पळत सुटला, अशी कथा व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने लिहून ठेवली आहे. दोन हजार वर्षं जग त्या शोधाचं कौतुक करत आहे. आमच्या घरी ही गोष्ट मुलाला सांगत होतो तेव्हा सौ. भाजी चिरता चिरता म्हणाली, "पळाला ते ठीक आहे. पण मग टब कोणी घासला?" मला उत्तर आलं नाही. व्हिट्रुव्हियसनेही दिलेलं नाही. शोध लागला म्हणून नव्हे, तर घासायची पाळी येईल म्हणून तो पळाला असावा, असं आमच्या घरातलं आता बहुमत आहे.

मोहेंजोदडोचं महास्नानगृह घ्या. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल. घट्ट बसवलेल्या विटा, आणि पाणी झिरपू नये म्हणून बिटुमेनचा, म्हणजे डांबराच्या जातीच्या पदार्थाचा थर. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे बांधकाम पाहून ऊर भरून येतो. याच गावात नक्षीची शाल पांघरलेल्या एका दाढीवाल्या प्रतिष्ठित गृहस्थाचा पुतळा सापडला. कमरेवर हात ठेवून उभी असलेली नर्तकी सापडली. एवढा मोठा हौद ज्याने खरवडला त्याचा पुतळा सापडलेला नाही. स्नान करणारे इतिहासात जातात. घासणारे मोरीच्या पाण्याबरोबर जातात.

"पण टब म्हणजे सुधारणेची खूण आहे," असं वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांचं म्हणणं असतं. त्यांच्याकडे टब आहे. सुधारणेची ही खूण तपासून पाहिलेली बरी. २८ डिसेंबर १९१७ रोजी एच. एल. मेंकेन या अमेरिकन पत्रकाराने न्यूयॉर्कच्या 'ईव्हनिंग मेल'मध्ये टबाचा इतिहास लिहिला. अमेरिकेतला पहिला टब १८४२ साली सिनसिनाटीत आला, डॉक्टरांनी त्याला विरोध केला, अध्यक्ष फिलमोर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये बसवला आणि मग कुठे तो देशात रुजला, वगैरे. लोकांनी तो इतिहास डोक्यावर घेतला. पुढे १९२६ साली मेंकेननेच जाहीर केलं की ही सगळी शुद्ध थाप होती. तरीही लोक ती खरी म्हणून छापत राहिले. सुधारणेचा पुरावा म्हणून ज्याचा इतिहास सांगतात त्या वस्तूची ही कथा.

खरा इतिहास हवा असेल तर तो याहून मजेदार आहे. १८८३ साली विस्कॉन्सिनमधल्या जॉन मायकल कोहलर या कारखानदाराने जनावरांच्या बिडाच्या डोणीवर इनॅमल चढवलं, तिला चार पाय लावले आणि टब म्हणून विकली, असं त्यांची कंपनीच अभिमानाने सांगते. आमच्या मावशींनी, म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंनी, आमचा टब पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एवढी मोठी डोण? म्हस बांधायची का काय?" मावशींनी कोहलर वाचलेला नाही. पण उद्योगधंद्याच्या इतिहासाचं इतकं नेमकं आकलन मी पदवीधरांतही पाहिलेलं नाही.

आता त्या रेघेकडे येऊ. ती कुठून येते? साबण म्हणजे तेला-चरबीतली आम्लं आणि सोडा यांची सोयरीक. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतील, तर ते क्षार मध्ये शिरून ही सोयरीक मोडतात आणि आम्लाशी स्वतःच घरोबा करतात. त्यातून जे अपत्य होतं ते पाण्यात विरघळत नाही. ते पांढरट, चिकट, हट्टी असतं आणि अंगावरचं तेल, मळ, केस यांना बरोबर घेऊन टबाच्या कडेला वस्ती करतं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात हे क्षार पुष्कळदा भरपूर असतात. गरम पाणी असेतो ही वस्ती झोपडीच असते, ओला स्पंज फिरवला की उठते. वाळली की पक्कं बांधकाम होतं. आणि पक्कं बांधकाम पाडायला आपल्याकडे एकच बुलडोझर ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी ॲसिडची बाटली.

या बाटलीवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

आमच्या विंगेत तीन टब आहेत. आमचा एक, इंजिनियरांचा एक आणि आणखी एका घरचा एक. त्या तिसऱ्या घरी मावशी लादी-भांडी करतात. टब घासायचं त्यांच्या पगारात धरलेलं नव्हतं. "अगं, एवढं जरा हात फिरवून घे," असं म्हणत म्हणत ते काम वर्षभरापूर्वी आपोआप त्यांच्याकडे आलं. आमच्याकडे कामं अशीच येतात. पगारवाढ मात्र कधी 'जरा हात फिरवून' येत नाही.

एका सोमवारी मावशी दहा वाजता आमच्याकडे आल्या त्या खोकतच. डोळे लालभडक, नाकातोंडातून पाणी, श्वास घेताना छातीत शिटी वाजत होती. सौ.ने त्यांना गॅलरीत मोकळ्या हवेत बसवलं आणि समोरच्या डॉक्टरांना हाक मारली. मावशींना धड बोलता येत नव्हतं. हळूहळू कळलं ते असं. टबाचे डाग निघेनात म्हणून त्या घरच्यांनी त्यांना ॲसिडची बाटली दिली. तरी निघेनात म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकायला सांगितली. आणि वास सुटायला लागला तेव्हा बाहेरून आवाज आला, "दार लावून घे गं, हॉलमध्ये वास येतोय."

दार लावून घे. हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा मनात उच्चारून पाहिलं. त्याला काय वाईट म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही, कारण ते वाईट हेतूने म्हटलेलंच नव्हतं. सोफ्यावर बसून, पेपर वाचता वाचता, सहज म्हटलेलं होतं.

त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचिंग पावडरवर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने समोरच्या खंदकांवर सोडला तो हाच. तिथे निदान आकाश उघडं होतं. इथे आठ बाय पाचची खोली, वरची झरोक्याची काच बंद आणि दाराला आतून कडी. मावशी वाचल्या, कारण त्यांनी सांगितलेलं ऐकलं नाही. दार उघडून त्या तशाच बाहेर पडल्या. मग चार दिवस त्या कुणाकडेच कामावर आल्या नाहीत. त्या घरी त्यांच्या चार दिवसांचा पगार कापला गेला. नियमाप्रमाणे.

मी हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढला. तोपर्यंत अजेंड्यावर पार्किंग आणि कबुतरं एवढंच होतं. तिथे जे मुद्दे निघाले ते साऱ्या मध्यमवर्गाचे मुद्दे आहेत, म्हणून क्रमाने घेतो.

पहिला मुद्दा, "आम्ही पगार देतो ना?" देता. लादी-भांड्यांचा देता. टबाचा कोणी दिलेला नाही. पण समजा दिला. पगाराने माणसाचा वेळ विकत मिळतो, फुप्फुसं मिळत नाहीत. आपल्या ऑफिसात साहेबाने "जरा हा वायू हुंगून घ्या" म्हटलं असतं तर आपण युनियनकडे गेलो असतो. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, पगारवाढ आणि हक्काची रजा मागितली होती. २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला. पण कुठल्या बाथरूममध्ये कुठली बाटली कुठल्या भुकटीवर ओतली जाते, हे बघायला मंडळ येत नाही. ते घरात असलेल्या माणसानेच बघायचं असतं. आणि तो हॉलमध्ये असतो.

दुसरा मुद्दा, "ॲसिडशिवाय निघतच नाही." हा मुद्दा रसायनशास्त्रावर टिकत नाही. टबाचं इनॅमल म्हणजे बिडावर वितळवून चढवलेली काच. ॲसिडने डाग जातो आणि त्याच्याबरोबर काचेची तकाकीही जाते. गुळगुळीत काच खडबडीत झाली की मळाला बसायला पाट मिळतो. पुढच्या वेळी डाग जास्त, म्हणून ॲसिड जास्त, म्हणून खडबडीतपणा जास्त. हा सावकारी हिशेब आहे, मुद्दल कधी फिटत नाही. ॲसिडने टब साफ होत नाही, टब संपतो.

तिसरा मुद्दा, "वाकवत नाही हो आता, पाठ धरते." हा इंजिनियरांचा. मी म्हटलं, सव्वा फुटाची भिंत ओलांडून आत उतरताना, आडवं होताना आणि तिथून पुन्हा उठताना जी पाठ साथ देते, ती स्पंज पाहिल्यावरच कशी धरते? खरोखर आजारी माणसाची गोष्ट निराळी. सांधेदुखीने जखडलेल्या एखाद्या आजींना गरम पाण्यात बसून बरं वाटत असेल, तर त्यांनी रोज बसावं. त्यांचा टब मी घासून देईन. पण सुदृढ माणसाच्या ऐषाचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर, हा वैद्यकीय मुद्दा नाही.

चौथा मुद्दा कोणीतरी हळूच मांडला, "आमच्याकडे ते सगळं मिसेस बघतात." ज्या मिसेसविषयी हे बोललं गेलं त्या तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या. बघतात म्हणजे काय, ते सगळ्या सभेला कळलं.

मग मी माझा ठराव मांडला. या महाराष्ट्राला एक जुनी घोषणा चांगली पाठ आहे: 'कसेल त्याची जमीन'. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाऊ लागलं. तारीख एक एप्रिल असली तरी ती थट्टा नव्हती. मी म्हटलं, त्याच न्यायाने घासेल त्याचा टब. जो वर्षभर दुसऱ्याकडून टब घासून घेईल, त्याचा टबावरचा हक्क संपला. घासणारीने त्यात बसावं, पाय पसरावेत, फेस करावा आणि मालकाने बाहेर बादली घेऊन नंबर लावावा. सभेत हशा पिकला. फक्त इंजिनियर हसले नाहीत. त्यांची कोकणातली चार एकर कुळकायद्यात गेली आहेत.

ठराव अर्थातच नामंजूर झाला. कबुतरांवर मात्र जाळी बसवायचं ठरलं.

पण टब बाळगणाऱ्या वाचकांना मी असा सोडणार नाही. शिव्या देणं सोपं असतं, घासायचं कसं तेही सांगितलं पाहिजे, आणि मला ते अनुभवाने माहीत आहे. टब घासण्याची वेळ रविवार सकाळ नव्हे. ती वेळ म्हणजे पाणी सोडल्याबरोबरची दोन मिनिटं, तुम्ही आत उभे असताना. टब ओला असतो, कोमट असतो, रेघ मऊ असते. मऊ स्पंजावर भांडी घासायचं लिक्विड चार थेंब, गोल हात, वर स्वच्छ पाणी आणि शेवटी कोरडं फडकं. कोरडं फडकं विसरायचं नाही. पाणी आपोआप वाळलं की जाताना क्षार ठेवून जातं. तेल लावून न्हाला असाल तर लिक्विड जरा जास्त. कुठे जुनं काही धरून बसलं असेल तर खायच्या सोड्याची ओली चटणी करून लावा आणि हलक्या हाताने पुसा. तारेची घासणी, काथ्या, विटकरीची पूड ही हत्यारं भांड्यांच्या जगातली आहेत. टब ॲक्रिलिकचा असेल तर ती अजिबात नकोत, त्याच्यावर साध्या भुकटीचेही चरे पडतात. आणि थिनर लागला तर तो विरघळतोच.

व्हिनेगर वापरायचं ते नळाच्या तोंडावर धरलेल्या पांढऱ्या खपल्यांपुरतं. फडका भिजवून दहा मिनिटं गुंडाळायचा आणि धुऊन टाकायचा. इनॅमलवर ते मुरत ठेवायचं नाही आणि ब्लीचिंग पावडरच्या शेजारी तर न्यायचंच नाही. नळाखाली तांबूस ओघळ दिसत असेल तर टब घासत बसू नका, नळाचा वायसर बदला. ठिबकणारा नळ चालू ठेवून डाग पुसणं म्हणजे रोग ठेवून रुमाल धुणं. टब आणि भिंत यांच्यामधली फट व्हाइट सिमेंटने भरली की ती पुन्हा तडकते, तिथे सिलिकॉन लागतं. टब ॲक्रिलिकचा असेल तर सिलिकॉन भरण्याआधी त्यात पाणी भरून ठेवायचं. वजनाने टब किंचित दबतो, फट पूर्ण उघडते. भरलेलं सिलिकॉन पक्कं झालं की मग पाणी सोडायचं. ही युक्ती केली नाही, तर खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते आणि सख्खे शेजारी कोर्टात भेटतात. आणि टब महिना-महिना वापरत नसाल, तर अधूनमधून भोकात तांब्याभर पाणी ओता. खालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं की झुरळं टबाचा खरा उपयोग करू लागतात.

आता या नियमाचा आमच्या घरी परिणाम काय झाला तेही सांगतो. मी टबात महिन्यातून एकदा बसतो. ज्या दिवशी दोन मिनिटं घासायची हौस असते त्याच दिवशी डुंबायची हौस होते. बाकीचे एकोणतीस दिवस एक बादली पुरते आणि आंघोळ काही कमी होत नाही. मुलगा हॉस्टेलवरून सुट्टीला आला तेव्हा "बाबा, आज टब!" म्हणाला. नियम आठवल्यावर म्हणाला, "राहू दे, मला तशी घाईच आहे." मेहुण्यांना एकदा अगत्याने विचारलं, स्पंजही हातात दिला. त्यांना तेवढ्यात सर्दी असल्याचं आठवलं. टब काढून टाकायला गवंड्याने जो आकडा सांगितला होता, त्याच्या शंभराव्या हिश्शात, एका स्पंजाने, आमचा टब निम्मा नाहीसा झाला आहे. पाणी वाचलं ते वेगळं.

मावशींनी ते तिसरं घर सोडलं. कापलेला चार दिवसांचा पगार सौ.ने स्वतः जाऊन मागून आणला. तो देताना त्या बाई म्हणाल्या, "अहो, आम्हाला काय माहीत तो वायू होतो म्हणून." खरं असेल. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण वाचणारा हॉलमध्ये होता आणि बाटली आत होती. आता नवीन घर धरताना मावशी पगाराच्याही आधी दोन अटी घालतात. "टब घासायचा न्हाई. आन् ॲसिडची बाटली हातात धरायची न्हाई." माझा एवढा लेख झाला, पण या दोन वाक्यांत नाही असं त्यात फारसं काही नाही.

तेव्हा टबवाले वाचकहो, डुंबा. खुशाल डुंबा. तुमच्या सुखावर माझा डोळा नाही. पाणी सोडल्यावर मात्र टॉवेलकडे एकदम हात नेऊ नका. स्पंज डाव्या हाताला ठेवलेला असतो. आधी टब पुसा, मग अंग पुसा. आणि काही झालं तरी दार थोडं उघडं असू द्या.